तुपाचा वास

खापरावर भाजल्या जाणाऱ्या पुरणाच्या मांड्याचा वास आला की मला लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, आठवते. अंगभर खाज उठायची म्हणून जळगावच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस गहू, दूध, तूप सगळं बंद केलं होतं. त्यांना काय जातं सांगायला! त्यातच मी सणाला चोपड्याला माहेरी आले, तर आईनं खापर काढलंच नाही. "पोर खानार नही, मंग आम्हले मांडा कसा गोड लागी?" म्हणत तिनं सगळ्यांसाठीच ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. शेजारून मात्र तो वास येतच होता. मला एका जागी बसवेना. झोका खेळायचं निमित्त करून शेजारी गेले आणि तुपात भिजलेला अख्खा मांडा उभ्याउभ्या गिळला. परतले तर आबा आणि भाऊ भाकरीच्या ताटांपुढे माझीच वाट बघत बसलेले. मी पाटावर बसणार, तोच आई हळूच म्हणाली, "हात धुई ये, तूपना वास येस." मग पहिली भाकरी तिनं माझ्याच ताटात वाढली. खाज गेली, पथ्य सुटलं. मांडा खाल्ला की आजही मी हात धुते, हुंगते, पुन्हा धुते.