मागची डावी सीट

भूत असतं का नसतं, ह्यावर मी आयुष्यात कधी डोकं लावलं नाही. वेळच नव्हता. शेतावर राखणीला एकटी झोपले आहे, स्मशानाच्या वाटेनं गवताचे भारे आणले आहेत. काही दिसलं नाही. सून मोबाईलवर तुमचे हे अनुभव वाचून दाखवायची, तेव्हा मी म्हणायचे — ह्या लोकांना कामं नाहीत वाटतं. आता माझाच लिहिते आहे. शाळा माझी चौथीपर्यंत. जमेल तसं कागदावर उतरवलं, टाईप सुनेनं केलं. तिला दोन वाक्यं काढून टाकायची होती, मी काढू दिली नाहीत.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या अंगाला. घरात मी, मुलगा संतोष आणि सून सुनीता. संतोष वाशिंदला कंपनीत शिफ्टला जातो. दारात एक जुनी पेट्रोल गाडी आहे, ती आमच्या ह्यांनी घेतलेली, सेकंडहँड. डोळ्यांना कमी दिसायला लागलं तेव्हा ह्यांनी स्टेअरिंग संतोषकडे दिलं आणि स्वतः मागं डाव्या बाजूला बसायला लागले. बसायचे म्हणजे काय, मागून गाडी चालवायचे.

"गियर उतरव."

"उतरवलाय, बाबा."

"ती म्हैस बघ."

"बाबा, तुमीच या ना पुढं."

"मला हितूनच बरा दिसते." दिसत काही नव्हतं.

मागच्या वर्षी आवणी, म्हणजे भाताची लावणी, संपली आणि हे गेले. जेवून उठले, ओटीवर टेकले, तिथंच. त्रास झाला नाही, कोणाला दिलाही नाही.

गेलेल्या माणसाची बसायची जागा आमच्या घरात काही दिवस मोकळी ठेवतात. संतोषनं ती रीत गाडीला लावली. म्हणाला, वर्षश्राद्ध होईपर्यंत बाबांच्या सीटवर कोणी बसायचं नाही. ह्यांनी म्हसाच्या जत्रेतून आणलेली घोंगडी घडी करून तिथं ठेवली. मी म्हटलं, "अरे, जागा कसली, रेक्झिनची सीट हाय ती." पण त्याचे डोळे भरलेले बघितले आणि घोंगडीची घडी मीच सारखी केली.

त्यानंतर गाडी बंद पडायला लागली.

चालता चालता एकदम गप्प. चावी फिरवली की ह्या गाडीत मागून बारीक घूं… असा आवाज येतो, तो पेट्रोलच्या पंपाचा. बंद पडली की तो आवाज यायचा नाही. मग संतोष खाली उतरून बोनेट उघडणार, वायरी हलवणार, दार आपटणार… आणि कशानं तरी परत घूं. पुढच्या खड्ड्यापर्यंत. आमच्या रस्त्याला खड्डे किती ते मी सांगायला नको.

मुरबाडला ह्यांच्या ओळखीचा मिस्त्री आहे, रघू. त्यानं आधी फ्यूज बदलला. मग रिले नावाची एक डबी बदलली. मग टाकी खालून उतरवून पंपच नवा टाकला. गंमत म्हणजे गॅरेजमध्ये गाडी कधीच बंद पडायची नाही. रघू त्याच्या मेहुण्याला मागं बसवायचा, पंपाचा आवाज ऐकायला. मेहुणा चांगला जाड. पाय पसरून बसायचा आणि म्हणायचा, "बोलतोय पंप, दाजी. मस्त बोलतोय." रघू ट्रायल घ्यायचा तरी हा मागं बसलेलाच. घोंगडी बाजूला सारून बरोबर ह्यांच्या जागेवर. संतोषला ते आवडायचं नाही, पण बोलणार कसा. घरी येताना सरळगाव मागं पडायच्या आत गाडी पुन्हा गप्प.

भातकापणीला सुनीताला साप चावला. सकाळची वेळ. विळा चालवत होती, उभ्या भातात घोणस होती. पायावर घोट्याच्या वर दोन दात. शेजारची बाई म्हणाली, भगताला बोलावते. मी म्हटलं, बोलाव, पण आमी शहापूरला चाललो. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती लांब होती. संतोष रात्रपाळी करून नुकताच झोपला होता, त्याला उठवलं. त्यानं गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आये, ही मधीच बंद पडली तर?"

"पडली तर पडली. काढ भायेर."

मी सुनीताला म्हटलं, मागं आडवी हो. तर ही बाई दाराला धरून उभी.

"नको आत्या. मामांच्या जागेवर पाय येतील माझे."

पाय पोटरीपर्यंत सुजलेला, आणि सासऱ्याचा मान राखत होती. भांडायला वेळ नव्हता. तिला पुढं बसवलं. मी संतोषच्या मागं बसले, हात लांब करून तिचा खांदा धरला. माझ्या शेजारची सीट रिकामी. घोंगडी घडी घातलेली.

किन्हवली मागं पडली. संतोष खड्डे चुकवत नव्हता, सरळ घालत होता. प्रत्येक दणक्याला मला वाटायचं, आता गप्प होणार. पुलाअलीकडे रस्ता उखडलेला आहे, तिथं तर ती हटकून थांबायची. सुनीताला उलटी झाली. ती म्हणाली, "आत्या, माझी आई येईल ना वो दवाखान्यात?" मी म्हटलं, "येईल गो. बोलू नको." तिची आई वारली त्याला वर्षं झाली होती. ती विसरली होती का काय, मला कळेना. मला एकच दिसत होतं — ही गाडी थांबली तर ही पोरगी माझ्या हाताखाली जाणार.

पूल गेला. चढ गेला. शहापूर आलं. गाडी एकदाही थांबली नाही. आचकासुद्धा दिला नाही.

मी मध्ये एकदा शेजारी बघितलं होतं. कोणी नव्हतं. वास नाही, गारवा नाही, काही नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण सून म्हणते, "आत्या, थोडं कायतरी घाला." काही घालणार नाही. घोंगडी होती, तेवढीच होती.

सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, नाहीतर किडनीवर गेलं असतं. संध्याकाळी संतोष कपडे आणायला निघाला तर गाडी दवाखान्याच्या फाटकातच बंद. गावात पोचेपर्यंत पुन्हा पुन्हा बंद. मी तेव्हा त्यावर विचार केला नाही.

सुनीताला घरी सोडलं तेव्हा पाय लांब ठेवायला सांगितला होता. तिला संतोषच्या मागं बसवलं, घोंगडी पुढं फेकली आणि ह्यांच्या जागेवर मी बसले. संतोष काही बोलायच्या आत म्हटलं, "तुझा बाप मला बोलणार नाय. चल." सुनीताचा पाय मांडीवर घेतला. हिरवानिळा झाला होता. सगळ्या वाटेनं मी तो धरून होते, आणि गाडी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी संतोष एकटा वाशिंदला निघाला तर गावाबाहेरच बंद.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, "संतोष, ह्या गाडीला मागं माणूस लागतंय."

मुरबाडला गेलो. रघूनं नेहमीसारखं मेहुण्याला बसवलं. मी म्हटलं, "ह्याला उठव आधी." मेहुणा म्हणाला, "मी काय केला, मावशी?"

"काय नाय केलास. तेच तर. उठ आता."

तो उठला. रघूनं चालू गाडी नुसती हातानं हलवली. पंप बंद. मेहुणा बसला, घूं. उठला, हलवली, बंद. कितीदा केलं, तसंच. मग रघूनं सीट उचकटली. खाली सतरंजीच्या आत पंपाची वायर होती. सीटच्या पायानं घासून घासून तुटली होती, एका तारेवर लोंबत होती. वर माणूस बसला की सीटचा पाय ती दोन टोकं दाबून धरायचा. म्हणजे वायर ह्यांच्या हयातीतच तुटलेली असणार. हे बसायचे म्हणून कळली नाही. आणि आम्ही मानानं जागा मोकळी ठेवली, म्हणून गाडी बंद पडत होती.

मला हसू आलं. इथवर सगळा हिशोब लागतो.

मग रघू म्हणाला, "वैनीला शहापूरला नेली तवा कोण बसला होता हितं?"

संतोष म्हणाला, "कोण नाय. घोंगडी होती."

रघूनं घोंगडी ठेवून बघितली. गाडी हलवली, पंप बंद. टूलबॉक्स ठेवून बघितला. बंद. मेहुण्यानं नुसता हात दाबून बघितला, तरी बंद. "चांगला माणूस बसल्याबिगर नाय चालणार," रघू म्हणाला. "रिकामी गाडी ह्या वायरवर तुमच्या किन्हवलीपरयंत जाणार नाय, काकी. शहापूर तर सोडा."

मी म्हटलं, "गेली ना पण."

त्यानं पक्कड घेतली. वायर सोलायला बसला. तेवढ्यात संतोषनं त्याचा हात धरला आणि मला बाजूला नेलं.

"आये, जोडली वायर का मग… मग कसा कळणार आपल्याला?"

काय ते त्यानं सांगितलं नाही, मला समजलं. वायर जोडली की सीट भरलेली असो का रिकामी, गाडी सारखीच चालणार. पोरगा एवढा बाप्या झाला, पण तोंड तसंच करतो लहानपणीसारखं. मला वाईट वाटलं. पण सुनीता घरी पाय उशीवर ठेवून पडली होती.

"जोड म्हण त्याला," मी म्हटलं. "त्या माणसानं एकदा केला तेवढा पुरे. किती येळ बसवून ठेवशील त्याला?"

रघूनं वायर जोडली, वर टेप गुंडाळली, सीट बसवली. गाडी तेव्हापासून बंद पडलेली नाही.

कोणी म्हणेल, तार त्या दिवशी नेमकी चिकटून राहिली असेल. राहिली असेल. मला वायरीतलं कळत नाही, आणि ज्याला कळतं त्या रघूलाही सांगता आलं नाही. मी ह्यांना गाडीत बघितलं असं म्हणणार नाही. नाही बघितलं.

वर्षश्राद्ध झालं. आता त्या जागेवर सुनीता बसते. पाय अजून थोडा ओढते. दार उघडलं की वाकून हळूच म्हणते, "मामा, सरा जरा," आणि मग बसते. मी पुष्कळ दिवस ऐकून घेतलं. परवा विचारलं, "सरतात का गो?"

"सरतात की," ती म्हणाली. "नायतर मी बसले असते का."