नळ आणि ओंजळ

त्या सिनेमाला आमच्या गावात इतका शुकशुकाट, की खुर्च्यांतले ढेकूणसुद्धा मध्यंतरात उपाशीपोटी घरी गेले. गोऱ्यांचा नळ वेगळा, काळ्यांचा वेगळा, अशी ती परदेशातली गोष्ट. “रटाळ!” मित्र म्हणाला, आणि त्याच्या जांभईनं पडदा हलला.

बाहेर पाण्याच्या टाकीपाशी, नळाच्या प्रसंगाला रडलेल्या एक आजी नातीसोबत उभ्या होत्या. साखळीला पेला होता, तरी नातीनं वरून पाणी ओतावं म्हणून त्यांनी वाकून ओंजळ धरली होती.

“आजी, पेल्यानं पी की! आता कुणाचं काय बाटतंय?”

“कळतं गं बाई मला. हातांना कळत नाही.”

त्या सिनेमाला कुणी रटाळ म्हटलं, की मी अजून गाव डोक्यावर घेतो. मग ती ओंजळ आठवते, आणि ओरडणं अर्ध्यावर सोडून मी माझेच हात बघतो.