‘बाजारवार’ची चूक

सिंदी रेल्वेत कोणालाही विचारा, ‘बाजारवार’ हे आपलं साप्ताहिक कशासाठी प्रसिद्ध? बातम्यांसाठी, असं कोणी म्हणायचं नाही. चुकांसाठी म्हणतील, आणि वर मायेनं हसतील.

तानबाजींनी हा चार पानी अंक काढला तेव्हा ते ऐन तिशीत होते. पायानं चालवायचं छपाईयंत्र, अक्षरं जुळवायचे शिशाचे खिळे, आणि बाजाराच्या दिवशी सकाळी अंक तयार. पहिल्याच महिन्यात त्यांनी कुस्तीत हरलेल्या पहिलवानाला जिंकवून टाकलं. पुढच्या अंकात खुलासा द्या, सगळ्यांनी सुचवलं. तानबाजी भडकले. चूक सारं गाव वाचतं, खुलासा कुत्रंही वाचत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी खिशाला पेन लावला, सायकल काढली आणि घरोघर जाऊन एकेका अंकातली चूक आपल्या हातानं सुधारून दिली. मग तोच रिवाज पडला. घरात पाय ठेवला की चहा आलाच, म्हणून लोक म्हणत, तानबाजीले चहाची तलफ आली की अंकात चूक होते.

यंत्र गेलं, खिळे भंगारात गेले. आता हाताखालचा योगेंद्र कॉम्प्युटरवर पानं लावतो. पण चूक झाली की तानबाजी दारात हजर, हे काही बदललं नाही. सायकलीची मोपेड झाली, एवढंच.

यंदाची चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. गावच्या दोन मुली पोलीस भरतीत निवडल्या गेल्या. एक किराणावाल्या महादेवरावांची गुंजन, दुसरी कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरीला जाणाऱ्या बायजाबाईंची दामिनी. गोंडांच्या वस्तीतून पोलिसात जाणारी ही पहिलीच. पहिल्या पानासाठी दोघींचे फोटो आले. एक मुलगी इस्त्रीच्या कोटात, दुसरी मैदानावर धुळीनं माखलेली. यातली कोणती कोण, योगेंद्रनं विचारलं. कोटातली गुंजन, धुळीतली दामिनी, चेहऱ्यांकडे नीट न बघताच तानबाजींनी सांगून टाकलं. त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

होतं ना. सगळं नेमकं उलटं होतं. बायजाबाईंनी लेकीच्या फोटोसाठी कोणाचा तरी कोट मागून आणला होता, आणि गुंजननं सरावाच्या वेळचा फोटो तसाच पाठवून दिला होता.

अंक वाटून झाल्यावर महादेवरावांचा फोन आला. ते हसत होते. त्यांना काय, गुंजनचा फोटो याआधीही अंकात आलेला. दामिनीचा मात्र पहिलाच, आणि त्याखाली नाव दुसरीचं! अरे बाबा, एवढी वर्षं पेपर काढतोस आणि कपडे पाहून माणूस ओळखतोस? तानबाजींनी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. बायजाबाई संध्याकाळी कामावरून परतायच्या आत गाव सुधारायचं, असं ठरवून ते निघाले. गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, मोपेड बंद, म्हणून ऑटो केला.

पहिलं घर हरिदास मास्तरांचं. मास्तरांनी अंक पुढे धरला. दोन्ही नावं आधीच खोडून बरोबर लिहिलेली. पुढच्या घरी तेच. पानठेल्यावर तेच, न्हाव्याच्या दुकानात तेच. भानगड काय आहे, तानबाजींना कळेना. शेवटी न्हाव्यानं मोबाइल दाखवला. गावच्या ग्रुपवर गुंजननं लिहिलं होतं, कोटातली मी नाही, दामिनी आहे. ज्यानं त्यानं आपापला अंक सुधारा, तानबाजींना पायऱ्या चढायला लावू नका.

तानबाजी खुर्चीत बसून लहान पोरासारखे रडले. काय पुण्य केलं होतं आपण म्हणून हे गाव मिळालं, असं ते न्हाव्याला दोनदा म्हणाले.

बायजाबाईंच्या घरी पोचले तेव्हा त्या नुकत्याच परतल्या होत्या. कामावर जाताना स्टेशनजवळून विकत घेतलेला अंक खाटेवर उघडा पडला होता. तानबाजींनी वाकून पाहिलं. कोटातल्या दामिनीखाली गुंजनचंच नाव. अख्ख्या गावात न सुधारलेला अंक हा एकच.

“बाई, चूक योगेंद्रची नाई, माह्यी हाय,” ते म्हणाले. “कोट पाहून मले वाटलं...”

“मालूम हाय मले,” बायजाबाई म्हणाल्या.

मग नाव का सुधारलं नाही, घरात पेन नव्हता का, असं तानबाजींनी दबकत विचारलं.

“होता ना. दामिनी लिवूनच राह्यली होती, म्याच तिचा हात धरला. म्हटलं, चूक झाली का तानबाजी घरी येतात. साऱ्या गावात गेले, आपल्या घरी कदी आलेच नाई. आता येऊ दे.”

तानबाजी खाटेवर टेकले आणि त्यांनी खिशातला पेन काढला.