राखेनं घासलेली काच

डोंगरकडा गावातलं आईचं बंद घर आज उघडलं, तर फळीवर ती काच सापडली. उजेड परतू नये म्हणून प्रयोगशाळेत महिनाभर खपून मी तिच्यावर अगदी पातळ थर चढवला होता आणि कौतुकानं आईला दाखवायला आणली होती.

तेव्हा आईनं कुंकू लावायला ती आरशासारखी समोर धरली. "ह्यात तर काहीच दिसून न्हाई राहिलं," म्हणत तिनं काच न्हाणीत नेली आणि चुलीच्या राखेनं खसाखसा घासली.

"हे बघ, आता आपण दोघंबी दिसून राहिलो!"

मी बघितलंच नाही. थर गेला म्हणून तिच्यावर ओरडत राहिलो.

कडेला अजून राख चिकटलेली आहे. आज मी काच समोर धरली आणि नीट बघितलं. एकच चेहरा दिसला.