ढगोबाचा मागचा ॲक्सल

ढगोबाचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठेच उरलं नव्हतं. डोंगरावरच्या हवामान केंद्राची जीप तो सत्तावीस वर्षं चालवत होता, आणि त्यातली निम्मी वर्षं त्याने आकाशाकडे बघण्यात घालवली, असं कचेरीतले लोक म्हणत. हे अगदीच खोटं नव्हतं. पाना हातात घेऊन तो गाडीपाशी उभा राहायचा आणि बोल्ट सैल करण्याआधीच कुठेतरी निघून जायचा. हाक मारली की दचकायचा नाही. हळूहळू परत यायचा, पाण्यातून वर आल्यासारखा.

त्या शुक्रवारी गाडी धुताना त्याला मागच्या बाजूला तेलाची ओली रेघ दिसली. मागच्या दोन चाकांना जोडणारा जो जाडजूड ॲक्सल असतो, त्याच्या मधल्या गोळ्यापाशी केसाएवढी चीर गेली होती. वेल्डरने बोट लावून पाहिलं आणि मान हलवली. डाग मारून देईन म्हणाला, पण डोंगरात तो किती दिवस टिकेल हे मला विचारू नका. नवीन ॲक्सल मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ती गाडी निघणं बंद होऊन जमाना झाला होता.

सोमवारी कचेरीतल्या साहेबांनी त्याला खोलीत बोलावून बसायला सांगितलं. मुख्य कचेरी नवीन गाडी द्यायला तयार होती, नव्या ड्रायव्हरसकट. जुनी जीप लिलावात जाणार आणि ढगोबाला शहरातली छोटी मोटार मिळणार. सपाट रस्ता, थंडगार हवा, वयाला सोयीचं. मात्र येत्या शनिवारी जीप साहेबांना घेऊन केंद्रापर्यंत धड चढली, तर ती ठेवावी असं ते लिहून देतील. त्यानंतर कागद त्यांच्या हातात राहणार नव्हते. साहेब हे सगळं मायेनेच बोलले. ढगोबाला मात्र वाटलं, आपण गच्चीवर असताना कुणीतरी खालून शिडी काढून नेतंय.

कारण नवव्या वळणावर ढग सुरू होत. आधी दरी पुसट होई, मग कठडा, मग गाडीचं नाक. इंजिनाचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा लांबून येई. वर चाललो आहोत की खाली, हेही कळत नसे. सत्तावीस वर्षांत ते वळण एकदाही त्याला आधीसारखं दिसलं नव्हतं. हे साहेबांना सांगता येण्यासारखं नव्हतं. बायकोलासुद्धा त्याने कधी सांगितलं नव्हतं, पण तिला ते ठाऊक होतं.

बुधवारी तो गावाबाहेरच्या भंगाराच्या वाड्यात गेला. मोटारींची दारं तिथे पुस्तकांसारखी एकाला एक टेकून उभी होती. पुढच्या काचा ओळीने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीत आकाशाचा एकेक तुकडा होता. शेठने दोन ॲक्सल दाखवले. एक मोठ्या गाडीचा, रंगवलेला, चांगला भक्कम. "हा बैल आहे बैल. कुठेही जुंपा," शेठ म्हणाला. पण बैल चार बोटं जास्त रुंद होता. तो बसवायचा तर स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका तोडून नव्याने जोडायच्या, इंजिनाकडून येणारा मधला दांडा कापायचा. वेल्डरला फोन केला तर त्याने दहा दिवस सांगितले. शनिवार तर तीन दिवसांवर होता.

दुसरा ॲक्सल गंजलेला, त्याच्याच गाडीच्या जातीचा. तो जसाच्या तसा बसला असता. पण त्या जातीच्या गाड्यांत आतल्या दातेरी चक्रांचं गणित दोन तऱ्हांचं असे. पुढचा ॲक्सल जुनाच राहणार होता, आणि चढावर चारही चाकांना जोर द्यायचा तर पुढचं आणि मागचं गणित एकच लागतं. नाहीतर चाकं आपसात भांडतात आणि मधले दात फुटतात. हे ओळखायची जुनी रीत अशी, की एका बाजूचा, चाकाच्या जागचा ब्रेकचा ड्रम अडकवून ठेवायचा, दुसऱ्या बाजूचा बरोबर दोनदा फिरवायचा आणि मधला जोड, जिथे इंजिनाकडचा दांडा बसतो, तो किती फेऱ्या घेतो ते मोजायचं. ढगोबाच्या जीपला पाच फेऱ्या आणि वर अर्ध्याला थोडी कमी हवी होती.

ॲक्सल दोन ओंडक्यांवर ठेवला. खडूने खुणा केल्या. पलीकडच्या ड्रमखाली विटेचा तुकडा अडकवला आणि अलीकडचा ड्रम तो सावकाश फिरवू लागला. समोरच्या काचांमधून एक लांबट ढग चालला होता. पहिल्या काचेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, मधल्या फटीत नाहीसा होत. मोजणी संपली तेव्हा फेऱ्या भरल्या चार आणि वर थोडी.

तो रिकाम्या हातांनी घरी आला.

बायको शिवणकाम करायची. जमिनीवर पडद्याचं कापड पसरून ती मापं घेत होती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कापडाचं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि दुसऱ्या टोकाकडे गेली. तो भिंतीकडे पाहत राहिला. कापड त्याच्या बोटांतून अलगद सरकलं.

"अहो, टोक सोडलंत. आता सगळं माप चुकलं."

त्याने हातांकडे पाहिलं. मग खाली बसून तिला वाड्यातली मोजणी सांगितली.

"तिथे दुसरं टोक कुणी धरलं होतं?" तिने विचारलं.

"विटेने."

"आणि वीट कुणी धरली होती?"

मोजताना पलीकडचा ड्रम चोरपावलांनी मागे फिरला असेल, तर फेऱ्या कमी भरणारच. पण तो फिरला की नाही, हे त्याला आठवेना. आठवत होता तो ढग, प्रत्येक काचेतला.

गुरुवारी वाडा उघडताच दोघं दारात उभी होती. गंजलेला ॲक्सल कालच्या जागी नव्हता. तो आतल्या ढिगावर होता आणि गॅसने लोखंड कापणारा नळ्या जोडत होता. बायको सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, आधी आमचं मोजून होऊ दे, मग तुम्ही आणि तुमची आग. शेठ हसला. वहिनी ढग बघतात का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, घरात एक माणूस पुरे आहे.

ती उलट्या बादलीवर बसली आणि पलीकडचा ड्रम दोन्ही हातांनी, गुडघा लावून, घट्ट धरला. ढगोबाने डोळे खडूच्या खुणेवर रोखले. मोजायचं काम शेठने आपणहून घेतलं. चार झाले. पाच झाले. मग जोड आणखी सरकला आणि अर्ध्याच्या थोडा अलीकडे थांबला. गॅसवाल्याने नळ्या काढून ठेवल्या. बायकोने गंजाने लाल झालेले तळवे पदराला न पुसता तसेच धरले आणि ती म्हणाली, "आता न्या घरी. मला पडदे पुरे करायचेत."

शुक्रवारी ॲक्सल बसवला.

शनिवारी साहेब शेजारी फाइल मांडीवर घेऊन बसले. पहिली आठ वळणं त्यांनी कसलासा अहवाल वाचला. नववं आलं तशी दरी पुसट झाली, मग कठडा. खडी सुटी होती. ढगोबाने चारही चाकांचा दांडा टाकला आणि कान दिला. कुठे कुरकुर नाही, झटका नाही. जीप झोपेत कूस बदलावी तशी चढावर वळली. उघड्या खिडकीतून ढग आत आला. साहेबांच्या भुवयांवर बारीक थेंब जमले, तरी त्यांनी काच वर केली नाही. वाचायला काही दिसेना, म्हणून त्यांनी फाइल मिटली.

मग त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही कुठे बघताय?"

"रस्त्याकडे, साहेब," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

वर पोचल्यावर साहेबांनी ओल्या बॉनेटवर कागद ठेवला, सही केली, आणि शाई पसरू नये म्हणून त्यावर फुंकर घातली. मग केंद्राच्या पायऱ्या चढता चढता, मागे न बघता म्हणाले, "सोमवारी लवकर निघा. बॅटऱ्या वर आणायच्या आहेत."