शिक्षक लागत नाही, हे मी सिद्ध केलं

आयुष्यात मी एकच गोष्ट शास्त्रशुद्ध सिद्ध केली, आणि नेमकी तीच चुकीची निघाली. सहसा कुणाला सांगत नाही. पण तुम्ही घरचेच, चहाही दुसऱ्यांदा टाकलाय, तेव्हा ऐका.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. बदली होऊन मी कलकत्त्याला आलेलो. बिऱ्हाड बालीगंजला आणि नोकरी गार्डन रीचकडे, एका कारखान्याच्या प्रशिक्षण केंद्रात. शिकाऊ कामगारांसाठी धडे तयार करायचे, हे माझं काम. त्याच धड्यांवर विद्यापीठात माझी पीएच.डी. चालू. यंत्राने शिकवायचं वेड तेव्हा आपल्याकडे नवीन होतं, आणि नव्या वेडाला माझ्यासारखी माणसं लगेच सापडतात.

माझा धडा मायक्रोमीटरचा. पत्र्याची, तारेची जाडी अगदी बारीक मोजायचं ते हत्यार. पडद्यावर स्लाइड, टेपवर माझा आवाज, आणि 'टिंग' वाजलं की पुढची स्लाइड. टेप बंगालीत होती. बंगाली कुणाची, तर माझीच. दोन वर्षं मासळीबाजारात घासाघीस केली होती, आणखी काय हवं?

तिथे दुलालबाबू नावाचे जुने प्रशिक्षक होते. वीस वर्षं हेच शिकवत आलेले, बोटांवरचं तेल काही केल्या न निघणारे. त्यांना मी बजावलं, "तुम्ही फक्त स्लाइड बदलायच्या. तोंडातून एक शब्द काढायचा नाही." प्रयोग शुद्ध राहायला हवा ना! त्या शुद्धतेपायी मी स्वतःही वर्गात पाऊल टाकलं नाही. दुलालबाबूंनी मान डोलावली.

परीक्षा झाली. एकजात सगळे पास. आता बघा, तेव्हा रोज दुपारी वीज जायची. टेप अर्ध्यावर बंद पडायची. उरलेला अर्धा धडा ही पोरं शिकली कुठून, हा प्रश्न कुणालाही पडला असता. मला पडला नाही. मी प्रबंधात लिहिलं, अहवालातही लिहिलं, की या पद्धतीत प्रशिक्षकाची आवश्यकता राहत नाही.

प्रबंध परीक्षकांनी वाचला की नाही, देव जाणे. अहवाल मात्र ऑफिसने मन लावून वाचला. दुलालबाबूंची जागा रद्द झाली. त्यांना हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसवलं, खिडकीतून पाने आणि कानशी द्यायला. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याच आठवड्यात पदवी मिळाली, आणि वाईट वाटायचं राहून गेलं.

पुढच्या तुकडीला स्लाइड बदलायला एक वायरमन दिला. ती तुकडी एकजात नापास झाली. तेव्हा कुठे मी पहिल्यांदा वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसलो.

टेप सुरू झाली. पहिल्या 'टिंग'ला वर्गात खसखस पिकली, दुसऱ्याला पोरं बाकावर डोकं टेकून हसू लागली. मी वायरमनला विचारलं, काय झालं? तो बिचारा संकोचाने म्हणाला, "सर, तुम्ही सारखी माफी मागताय."

झालं होतं असं, की 'आता माप घ्या' याच्यासाठी मी आपल्या हिशेबाने 'माप कोरुन' म्हणत होतो. बंगालीत त्याचा अर्थ 'माफ करा'. म्हणजे प्रत्येक स्लाइडला, टिंग, आणि साहेब माफी मागतायत.

मग पहिली तुकडी पास झाली कशी? त्यातल्या एकाला गाठलं. तो म्हणाला, दुलालबाबू टेप बंद करून स्वतः शिकवायचे. हसायचं नाही, साहेब परमुलखातून आलेत, त्यांचीसुद्धा परीक्षा आहे, तुम्ही नापास झालात तर ते नापास होतील, असं दम देऊन सांगायचे.

मी ऑफिसला पत्र लिहिलं. माझा निष्कर्ष चुकीचा होता, दुलालबाबूंना परत घ्या. उत्तर आलं, रद्द झालेली जागा पुन्हा निर्माण करता येत नाही, पुढील व्यवस्था होईपर्यंत वर्ग आपणच घ्यावा. मी. ज्याने जन्मात पुस्तकाबाहेर मायक्रोमीटर फिरवला नव्हता, तो.

पहिल्या दिवशी हत्यार आणायला स्टोअरच्या खिडकीशी गेलो. दुलालबाबूंनी मायक्रोमीटर पुसून माझ्या हातात ठेवला. मी उलटा धरला. त्यांनी पाहिलं. त्यांचा हात सवयीने पुढे आला आणि मध्येच थांबला.

मी म्हणालो, "दुलालबाबू, एकदा दाखवता का?"

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "मला आता शिकवायची परवानगी नाही, सर. शिकवायला माणूस लागत नाही, असं वरून लिहून आलंय." आणि हत्यार दिल्याची नोंद करायला रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

मान वर न करता मी सही केली. केल्यावर पाहिलं, तर सहीच्या आधी मी ठळक अक्षरात 'डॉ.' लिहिलं होतं.