न पाहिलेल्या घराचा पंच

ताहिलराम तक्रार द्यायला तयार नव्हता. सिंध सोडून अकोल्यात येऊन त्याला सहा वर्षं झाली होती, पण तिकडे गल्ली लुटली जात असताना शिपाई विड्या ओढत उभे होते, हे तो विसरला नव्हता. शेजारच्या नारायण गुरुजींनी त्याला जवळजवळ हाताला धरूनच ठाण्यात नेलं.

"आता राज्य आपलं आहे, ताहिलरामजी. बायकोचं शिलाई मशीन चोरीला गेलंय. निम्मं घर त्यावर चालतं."

आठ दिवसांत मशीन मूर्तिजापुरात एका भंगारवाल्याच्या घरी सापडलं. त्या संध्याकाळी जमादार महादेवराव पंचनामा घेऊन गुरुजींकडे आले.

"गुरुजी, पंच म्हनून सई करा."

"अहो, मी तिथे गेलोच नाही."

"तुमाले कावून धूळ खायले न्यायचं? शाळा बुडते ना. तुमच्या सईले कोनी नाई म्हनत नाई."

गावातल्या मान्यवरांनी घरबसल्या पंच व्हायचं, ही रीतच होती. गुरुजींचे वडीलही तशा सह्या करत. गुरुजींनी चष्मा लावून सही केली.

मशीनची पावती सिंधमध्येच राहिलेली, त्यामुळे खटल्याची सगळी भिस्त पंचनाम्यावर. कोर्टात आरोपी भंगारवाल्याच्या वकिलाने नम्रपणे विचारलं, "गुरुजी, मशीन वरच्या खोलीत होतं की खाली?"

शपथ घेऊन झाली होती. गुरुजी म्हणाले, "वरच्या."

"त्या घराला वरचा मजला नाही, गुरुजी."

कोणी हसलंही नाही. आरोपी सुटला. मशीन त्यालाच परत मिळालं.

ताहिलराम त्या दिवशी कोर्टात नव्हता, आपल्या दुकानात होता. संध्याकाळी गुरुजी त्याच्याकडे गेले. काय सांगायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं. पण आधी तोच बोलला.

"पुलिस बिक गई, मास्टरजी. उधर की खाकी, इधर की खाकी, एकच. तुम्ही एकटे आमच्यासाठी उभे राहिले."

त्याच्या बायकोने चहा आणला. हातशिलाईने तिची बोटं सुजली होती. गुरुजींनी चहा घेतला, आणि ते घरी आले.

पुढच्या वर्षी ताहिलरामचं दुकान फुटलं. त्याने फुटलेली फळी बदलली, नवं कुलूप आणलं, ठाण्याकडे फिरकला नाही. महादेवराव गुरुजींना म्हणाले, "त्याले समजावा ना. तक्रारीबिगर आमी काय करू?"

"माझं कुठे ऐकतो तो," गुरुजी म्हणाले.

त्या गल्लीत ताहिलराम फक्त गुरुजींचंच ऐकत असे. महादेवरावांना ते ठाऊक होतं. ते सायकलवर बसले.